आठ खांबांचा पाव मैल

आमच्या कंपूत माणसांना नावं नव्हती, गाड्या होत्या. ज्याच्याकडे यझदी तो यझदी. ज्याला मामाची राजदूत साडेतीनशे अधूनमधून मिळायची तो साडेतीनशे. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो मागची सीट. पुढे मागच्या सीटच्या लग्नाची पत्रिका घरी आली तेव्हा वराचं नाव वाचून मी आईला विचारलं होतं, हा कोण? मी स्वतः आरएक्स. अजूनही उरणच्या बाजारात मागून कुणी "ए आरएक्स!" अशी हाक मारली की मी वळतो, आणि बायको कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालते.

गोष्ट १९९१-९२ची. तोवर उरण म्हणजे मीठ, भात, मासळी आणि मोऱ्याची लाँच. मग ओएनजीसी आली, वायूवर चालणारं वीज केंद्र आलं, आणि २६ मे १९८९ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. बंदराबरोबर रस्ते आले. आमचे जुने रस्ते बांधाच्या कलानं जायचे. इथं कुणाचं तरी शेत आडवं, तिथं कुणाची तरी विहीर. नवा रस्ता कुणाला विचारत नव्हता. सरळ, रुंद, काळाभोर. तो कंटेनरांसाठी केला होता हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. कंटेनर तेव्हा आजच्याएवढे येतही नव्हते, त्यामुळे हा रस्ता आपल्यासाठीच केला असावा असा आमचा प्रामाणिक समज झाला.

तसा तो होताही आमचाच. बोकडविऱ्याच्या पुढे जिथं आम्ही गाड्या पळवायचो, तिथं आमच्या आज्याचं भातशेत होतं. आज्याला एक बांध चढून उतरायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात मी त्याचं सगळं शेत ओलांडत होतो. त्या जमिनीसाठी जानेवारी १९८४मध्ये जासईला काय झालं, हे इथल्या पोराला शाळेत शिकवावं लागत नाही. जमिनीसाठी लढणाऱ्या दि. बा. पाटलांच्या मागे माणसं उभी राहिली, गोळीबार झाला, पाच जण गेले. मग घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची ठरलं. आज्याच्या वाट्याचे जे थोडे पैसे हातात आले त्यांत घराला स्लॅब पडला, आत्याचं लग्न झालं, आणि उरलेल्यात माझी जुनी, एक हात फिरलेली आरएक्स हंड्रेड आली. शेतातून गाडी निघाली आणि ती पुन्हा शेतातूनच धावायला लागली. सातबाऱ्यावर याची नोंद नाही.

आज्यानं गाडी पाहिली. तो जुना शर्यतीचा माणूस. तरुणपणी त्यानं बैलांची जोडी करंज्याहून मचव्यात घालून रेवसला उतरवली होती आणि अलिबागकडच्या किनाऱ्यावर पळवली होती. मचवा हलला, बैलांना दर्या लागला, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर ते दोघं तासभर एकमेकांना टेकून उभे राहिले. तरी आज्याचा दुसरा नंबर आला होता. किती गाड्या होत्या, हे तो सांगत नसे. आजीनं एकदा "दोन" असं सांगून टाकलं, त्यानंतर आठवडाभर आज्या ओसरीत जेवला.

तर त्यानं आरएक्सभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली, मागच्या चाकाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "किती घोऱ्यांची?"

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा घोरं? मंग चारा किती खातान?"

आमच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि घोड्याचा घोरा. पहिल्याच पावसाळ्यात माझी गारी रस्ता सोडून खाजणात उतरली आणि गार झाली, तेव्हा या बोलीची दूरदृष्टी मला कळली.

आता आरएक्सबद्दल. हा उतारा ज्यांना नको असेल त्यांनी गाळावा. पण ज्याच्याकडे एकदा आरएक्स होती त्याला तो गाळता येणार नाही. यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्सनं १९८५मध्ये आपल्याकडे आणली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा अश्वशक्ती. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जुळवलेल्या, त्यामुळे प्रत्येक आरएक्सवाला आपली गाडी त्याच लॉटमधली आहे असं शपथेवर सांगे. तेवढे सगळे भाग जपाननं खरंच पाठवले असते तर जपानमध्ये एकही आरएक्स उरली नसती. हलकी गाडी, आणि कान पिळला की आधी आवाज जायचा, मग गाडी, मग बसणारा. सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली की आवाज आणखी खुलायचा. आमचा गॅरेजवाला ही शस्त्रक्रिया पाच मिनिटांत करी. काढलेली जाळी कागदात गुंडाळून पेशंटच्या हातात देई आणि बजावून सांगे, "जपून ठेव. पासिंगला लागेल."

यझदीचं तंत्र वेगळं. म्हैसूरची २५० सीसीची गाडी, दणकट, लोखंडाला लोखंड म्हणणारी. तिच्यात किक आणि गिअर यांचा दांडा एकच. किक मारायची, गाडी सुरू झाली की तोच दांडा फिरवून गिअर करायचा. शर्यतीच्या आरंभी गाडी बंद पडली की यझदी तो दांडा उलटा करून किक मारी, सुलटा करून गिअर टाकी, आणि तोवर आम्ही पलीकडे पोचून त्याला हात दाखवत असू. पण एकदा सुटली की ती थांबत नसे. थांबवायची कशी, हा यझदीचा कायमचा प्रश्न होता. त्याच्या चपलांचे तळवे दर महिन्याला जात.

आणि साडेतीनशे! जपानी आरडी तीनशेपन्नासचा इथला अवतार, दोन सिलिंडर, तीस अश्वशक्ती. १९८३ ते १९८९ एवढंच तिचं आयुष्य, कारण आपल्या लोकांनी तिचं मायलेज विचारलं. ती आमच्यातली सगळ्यांत वेगवान गाडी होती आणि एकही शर्यत जिंकली नाही. दर वेळी आरंभाच्या खांबापर्यंत येतानाच तिचं पेट्रोल संपायचं.

खांब हा आमचा कोस होता. घड्याळ एकाच्याच मनगटावर, त्यातही सेकंदकाटा नाही. तेव्हा वेळ मोजणं शक्य नव्हतं. मग अंतर ठरवायचं ते विजेच्या खांबांनी. "आठ खांब" अशी हाळी झाली की गाड्या लागायच्या. इथं पहिला तात्त्विक पेच पडे. आठ खांब म्हणजे खांब आठ, की मधली अंतरं आठ? खांब आठ धरले तर अंतरं सात होतात. हा मुद्दा मागच्या सीटनं काढला. तो वाणिज्य शाखेला होता. जो हरला असेल तो नेहमी म्हणे की शर्यत नवव्या खांबाला संपायची होती आणि तिथं पुढे मीच होतो. तीन वर्षांत आम्ही जेवढा वेळ गाड्या पळवल्या त्याच्या दहापट वेळ खांब मोजले. पुष्कळदा भांडण ऐन भरात असतानाच अंधार पडे आणि शर्यत राहूनच जाई. आमच्यातलं कुणी फारसं जायबंदी झालं नाही, त्याचं श्रेय मी या नवव्या खांबाला देतो.

मग एक दिवस अमेरिका आली. गल्लीतला एक जण बोटीवर कामाला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या पेटीत ह्यूस्टनहून घेतलेलं मोटारींचं एक गुळगुळीत मासिक होतं. सुकट घ्यायच्या निमित्तानं आम्ही त्याच्या घरी जायचो आणि पंख्याखाली बसून ते चित्र चित्र वाचायचो. १९६४ची पॉन्टियॅक जीटीओ. फोर्ड मस्टँग. १९६९ची डॉज चार्जर, समोरून दिवे झाकलेले, डोळे मिटून बसलेल्या मगरीसारखी. या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात, म्हणजे पैलवान गाड्या, असं बोटवाल्यानं समजावलं. साध्या घरगुती मोटारीत प्रचंड इंजिन बसवायचं आणि सरळ रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला की सोडायची. वळायचं कसं याचा विचार करायचा नाही. इथं यझदीनं पहिल्यांदाच अमेरिकेबद्दल आपुलकीनं मान हलवली.

आज्याला डॉज दाखवली. तो म्हणाला, "ही? ही तर टॅक्सी." त्याचंही चुकलं नव्हतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, कुर्ल्याला, १९४७पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या जात. आज्याच्या तरुणपणी मुंबईत त्याच गाड्या भाड्यानं फिरायच्या. त्याला चार्जरचं इंजिन मोठं असतं म्हणून सांगितलं. त्यानं लगेच ठेवणीतला प्रश्न काढला: लिटरला किती जाते? चार-पाच किलोमीटर, असं बोटवाला बिचकत म्हणाला. आज्यानं मासिक मिटलं आणि परत दिलं. अमेरिकेचा विषय आमच्या घरात तिथंच संपला.

माझ्या डोक्यात मात्र संपला नाही. त्या मासिकात लिहिलं होतं की तिकडे शर्यतीचं अंतर पाव मैल. म्हणजे ४०२ मीटर. आणि चार्जरचं मोठं हेमी इंजिन ४२६ घन इंचांचं, जवळपास सात लिटर, ४२५ अश्वशक्तीचं. मागच्या सीटनं वहीचं मागचं पान उघडलं. सात लिटरला ९८ सीसीनं भागलं. एका चार्जरमध्ये आमच्या एकाहत्तर आरएक्स बसतात, असं निघालं. आम्ही खचलो. पण मागची सीट थांबली नाही, वाणिज्य शाखा थांबत नसते. एकाहत्तर आरएक्सचे प्रत्येकी अकरा घोडे, झाले ७८१! तेवढ्याच जागेत अमेरिकेचे घोडे ४२५. म्हणजे पैलवान कोण? आम्ही त्या वहीच्या पानाभोवती नाचलो. त्या रात्री उरण तालुक्यातला एक किरकोळ पोरगा अमेरिकेला हरवून झोपला. एकाहत्तर आरएक्सना टूटी ऑइल किती लागेल, हे मागच्या सीटनं दुसऱ्या दिवशी काढलं आणि मग कुणीच काही बोललं नाही.

पुढे मीही एक हिशोब केला. दोन खांबांत ५० मीटर धरले तर आठ अंतरांचे होतात ४००. आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं, डेट्रॉइट कुठं आहे ते माहीत नव्हतं, तरी आमचा आणि त्यांचा पाव मैल जुळत होता. फरक दोन मीटरांचा. पण हे अंतरं आठ धरली तर. खांब आठ धरले तर बावन्न मीटरांनी आम्ही अमेरिकेच्या मागे, आणि हे मी यझदीसमोर कधीच कबूल केलेलं नाही.

जाहीर शर्यतीत मी तीनदा जिंकलो. कुणाकडून हरलो ते मात्र सांगायला हवं. पहाटे करंजा बंदरावरून एक मासळीवाला एम-एट्टीवर निघे. मागे दोन क्रेट, त्यांत बर्फ, बर्फात मासळी, आणि सगळ्याचं पाणी रस्त्यावर गळत. त्याला पनवेलच्या बाजारात बर्फ विरघळायच्या आत पोचायचं असे. आम्ही शौकासाठी पळत होतो, त्याच्या पाठीवर पापलेट वितळत होता. एकदा रात्रभर जागून परतताना करळ फाट्याच्या अलीकडे तो मला दिसला. मी कान पिळला, त्याच्या बरोबरीला आलो आणि वळून विजयी हसलो. त्यानं हसायला वेळ दिला नाही. पुढं वळणावर ट्रेलर उभा होता. मी ब्रेक मारला. तो ट्रेलर आणि साइडपट्टी यांच्या मधल्या, क्रेट मावेल न मावेल एवढ्या फटीतून, अंग न हलवता, बोटाएवढंही वाकडं न होता निघून गेला. गेल्यावर त्याच्या क्रेटमधलं गार पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी कुणाला बोललो नाही. दोन दिवस घरातलं मांजर माझ्या उशीशी झोपत होतं.

मासळीशी माझं वैर तेवढ्यावर थांबलं नाही. करंज्याच्या रस्त्याकडेला उन्हाळ्यात जवळा वाळत घालतात. गुलाबी, पातळ, हातभर रुंद गालिचा. त्यावर मोटार जाणार नाही याची सगळं गाव काळजी घेतं. मी घेतली नाही. माझं पुढचं चाक त्या गालिच्यावर चढलं आणि गाडी अशी अलगद सरकली की मला पडल्याचं कळलंच नाही. मी फक्त आडवा प्रवास करत होतो. उठलो तेव्हा केसांत, खिशात, कानांत जवळा. समोर कोळीण, पदर खोचलेला.

"जवला कोन भरनार, तुजा बापूस?"

बापूसनं भरला. चार टोपल्यांचे पैसे. त्यानंतर सायलेन्सर तापला की आरएक्सला भाजलेल्या जवळ्याचा वास यायचा. यझदी म्हणायचा, पुढे आहेस की मागे हे वासावरून कळतं, वळून बघावं लागत नाही.

हवालदाराचंही सांगून टाकतो. तो घाटावरचा होता, इथल्या बोलीला बिचकायचा. एका संध्याकाळी त्यानं आम्हांला आरंभाच्या खांबाशीच पकडलं. खांब मोजण्यावरून वाद चालू असल्यामुळे आम्ही पळायच्या स्थितीत नव्हतो. त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ पाठ म्हणून दाखवलं: रस्त्यावर शर्यत लावली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मागच्या सीटनं विचारलं, दंड माणशी की गाडीला? त्याला आधी चौकीत बसवलं. मग घरच्यांना बोलावणं गेलं. माझ्यासाठी आज्या आला, खांद्यावर टॉवेल टाकून. हवालदारानं पुन्हा सगळं कलम म्हटलं. आज्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पयला कोन आला?"

शर्यत झालीच नव्हती, असं हवालदारानं सांगितलं. तेव्हा आज्या इतका निराश झाला की हवालदारानं त्याला चहा मागवला. तासाभरानं दोघं बैलांवर बोलत होते. हवालदाराच्या गावी बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट होता. आमची समज देऊन सुटका झाली. समज आज्यानं दिली: "झोपलेला बैल पलवू नये, आनि सांजच्या वक्ताला हवालदार जागा असतो." बैलांच्या शर्यतींवरही पुढे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०२३मध्ये घटनापीठानं त्या पुन्हा मान्य केल्या, पण तोवर आज्या नव्हता.

आमची सगळ्यांत मोठी शर्यत मोऱ्याची. मला पिस्टन आणायला ग्रँट रोडला जायचं होतं, यझदीला त्याच्या गाडीचा ब्रेक शोधायला. जो मोरा बंदरावर शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांची भाऊच्या धक्क्यापर्यंतची तिकिटं काढायची. चारफाट्यावरून निघालो. खांबांचा वाद नको म्हणून मुद्दाम बंदर धरलं होतं, बंदर एकच असतं. मी त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी पुन्हा कधी जमली नाही. बाजारातली हातगाडी, शाळेची रिक्षा, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळ्यांना कट. यझदी मागून गरजत येत होता आणि त्याला बघून लोक आपण होऊन बाजूला होत होते, कारण उरणात सगळ्यांना त्याच्या ब्रेकची हकिकत माहीत होती. जेट्टीवर मी पहिला पोचलो. यझदी दुसरा, भिंतीला टेकून थांबला. साडेतीनशे वाटेत पेट्रोलसाठी उतरलेली.

मी दोन्ही हात वर करून समुद्राकडे वळलो. समुद्र नव्हता. ओहोटी होती. जेट्टीच्या टोकापासून दूरवर नुसता गाळ, त्यात बगळे, आणि लाँच पार पलीकडे पाण्यात उभी. मोऱ्याला ओहोटीत लाँच लागत नाही हे उरणात जन्मलेल्या पोराला सांगावं लागत नाही, पण गाडीवर बसलेल्या पोराला सांगावं लागतं. आम्ही दोन तास बसलो. तेवढ्यात साडेतीनशे ढकलत आणलेली पोचली. मागची सीट चालत पोचली. एक आजीबाई डोक्यावर पाटी घेऊन हळूहळू आल्या, त्यांनी घड्याळाकडे न बघता एकदा पाण्याकडे बघितलं, पाटी उतरवली, पान लावलं, आणि पान संपायला अन् लाँच लागायला एकच गाठ पडली. आम्हांला आठ खांब मोजता येत नव्हते, त्या आख्खा समुद्र मोजून आल्या होत्या. लाँचमध्ये चढताना पहिला नंबर त्यांचाच लागला.

१९९६मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि आरएक्स हंड्रेड बंद झाली. त्याच साली म्हैसूरचा यझदीचा कारखानाही बंद पडला. आम्हांलाही त्याच सुमारास नोकऱ्या लागल्या, म्हणजे आमचंही उत्पादन थांबलं. माझी गाडी अजून पडवीत आहे. तिच्यासाठी पुण्या-मुंबईची पोरं फोन करतात आणि असे आकडे बोलतात की आज्या असता तर त्यानं त्यांना आधी पाणी पाजून शुद्धीवर आणलं असतं.

१२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. चिर्ल्याहून शिवडीपर्यंत २१.८ किलोमीटर, त्यातला बहुतेक समुद्रावरून, बाणासारखा. अशा रस्त्याचं स्वप्न आम्ही १९९१मध्ये पाहिलं असतं तर सकाळी उठून प्रसाद वाटला असता. मोटारींना ताशी शंभरची मुभा. दुचाकीला बंदी. ज्या रस्त्यासाठी माझा जन्म झाला त्यावर माझी गाडी सोडून बाकी सगळे जाऊ शकतात. पोराच्या मोटारीतून गेलो एकदा. मी काच खाली करून आवाज ऐकायचा प्रयत्न केला, त्यानं एसी जातो म्हणून काच वर केली.

त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. यझदी आता नेरुळला राहतो. गेल्या पावसाळ्याआधी तो लोकलनं आला, मागची सीट स्वतःच्या मोटारीनं आला, आणि आम्ही तिघं बोकडविऱ्याच्या पुढे जाऊन उभे राहिलो. विचार एकच: एकदा, हळू, चाळीसच्या वेगानं, आठ खांब. पण जुने खांब गेलेले. नवे दिव्याचे खांब होते, जवळजवळ. मग प्रश्न आला की जुने आठ म्हणजे नवे किती? मागच्या सीटनं मोबाइलमधला हिशोब उघडला. यझदी म्हणाला, आधी हे ठरवा, खांब की अंतरं. ट्रेलर धूळ उडवत जात होते, दिवे लागले, चहावाल्यानं दुसरा चहा आणून दिला तोही निवला. आरएक्स स्टँडवर उभी होती.

मग यझदीला घड्याळ दिसलं. त्याच्या गाडीला नऊ मिनिटं होती. मागच्या सीटची मोटार ट्रेलरांच्या मागे अडकलेली. "बस," मी म्हणालो. सहाव्या किकला आरएक्स पेटली, धूर झाला, आणि त्या धुरात कुठंतरी बारीक, जुना, भाजलेल्या जवळ्याचा वास होता. यझदी शपथेवर सांगतो, होता. मी कान पिळला. गुडघे दुखत होते, यझदीचं पोट माझ्या पाठीत होतं, पण आम्ही दोन रिक्षा आणि एक स्कूटी मागे टाकली.

स्टेशनात शिरलो तेव्हा लोकलचा मागचा लाल दिवा लांब जात होता. रेल्वेला ओहोटी लागत नाही. पुढची तासाभरानं. बाकावर बसलो, यझदीनं चष्मा लावला आणि फलाटाचे खांब मोजायला सुरुवात केली. त्याचे एक भरले आणि माझे एक.